तीन पावलांवरचं पॅड

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता लुबेनने ठरवलं, की पॅड शेजारच्या दारात ठेवायचं नाही, शेजाऱ्याच्या हातात द्यायचं. झालं ते एवढंच. पण जपानमधल्या मात्सुए गावच्या त्या नऊ घरांच्या आळीत पुढचा आठवडाभर जे रामायण घडलं, त्याची सुरुवात इथून झाली, असं आळीतले सगळे सांगतात. (लुबेन सोडून. त्याच्या मते सुरुवात होडीतल्या रजईपासून झाली.)

पॅड म्हणजे मुलं परीक्षेला नेतात तसलं, वर चिमटा असलेलं. त्याला आळीच्या मंडळाची नोटीस लावलेली असते आणि नोटिशीखाली घरांची नावं. पॅड आलं की वाचायचं, आपल्या नावापुढे सहीऐवजी आपला शिक्का उठवायचा आणि पुढच्या घरी पोचवायचं. नऊ घरं फिरून ते अध्यक्षबाईंकडे परत येतं. ही पद्धत इतकी जुनी आणि इतकी बिनचूक आहे, की तिच्यात काही बिघडू शकतं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लुबेन आणि रोसित्सा मूळचे बल्गेरियाचे. लुबेन युनिव्हर्सिटीत माती शिकवायचा, रोसित्सा एका बेकरीत काम करायची. त्यांना या आळीत येऊन पाच वर्षं झाली होती आणि ही पाचही वर्षं हे पॅड त्यांचं घर टाळून पुढे जात होतं. अलीकडच्या होसोदाबाई पॅड घेऊन निघायच्या, लुबेनच्या दारावरून जाताना हसून वाकायच्या आणि पलीकडे कादोवाकींच्या घरी ते द्यायच्या. मग संध्याकाळी अध्यक्षबाई कागेयामासान (नावापुढचं 'सान' म्हणजे आपलं 'जी') स्वतः लुबेनकडे यायच्या आणि नोटिशीतला मजकूर हातवारे करून समजावून सांगायच्या. वास्तविक लुबेन त्याच जपानी भाषेत विद्यार्थ्यांना तास तास बोलून पेंग आणायचा. पण परक्या माणसाला उगाच त्रास नको, ही त्यांची भावना. जगात अपमानाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण काळजीपोटी केलेला अपमान सगळ्यात वाईट, कारण त्यावर रागावताही येत नाही.

शेवटी या जानेवारीत लुबेन घरी लावलेल्या दह्याचं भांडं घेऊन कागेयामासानकडे गेला आणि म्हणाला, "आमचंही नाव घाला." बाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दही चाखलं आणि छापील यादीत होसोदा आणि कादोवाकी यांच्यामध्ये पेन्सिलीने लिहिलं, 'लुबेन (दही)'. (बल्गेरिया म्हटलं की मात्सुएत फक्त दही आठवतं. लुबेनला आळीतले निम्मे लोक पोटाच्या तक्रारी सांगायचे.)

"पेन्सिलीने का?" लुबेनने विचारलं.

"बघू या," बाई म्हणाल्या.

तर त्या मंगळवारी पॅड पहिल्यांदा त्याच्या घरी आलं. लुबेनने आधी वर्तमानपत्रावर चार शिक्के मारून हात साफ केला, मग नावापुढे पाचवा मारला. नोटीस साधी होती. रविवारी सकाळी आठला गटारं साफ करायची आहेत, घरातून किती माणसं येणार, फावडी किती आणणार ते लिहा, नंतर कागेयामासानकडे गरम सूप.

"दारात ठेव आणि ये," रोसित्सा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली. "तीन पावलं आहेत."

"पहिल्यांदा आलंय. दारात काय ठेवायचं? हातात देईन, दोन शब्द बोलेन."

"कादोवाकीसान आत्ता होडीवर असतील."

"मग होडीवर जाऊन देईन."

"तीन पावलांसाठी तू किल्ल्याला वळसा घालणार?"

"शेजारधर्म असतो."

"तुझा शेजारधर्म मला माहितीये. मागच्या वेळी शेजारधर्म केलास तेव्हा परतभेट म्हणून घरात अठरा मुळे आले होते. अजून सहा शिल्लक आहेत," रोसित्सा म्हणाली आणि बेकरीला गेली.

कादोवाकीसान बहात्तर वर्षांचे, किल्ल्याच्या खंदकात पर्यटकांना फिरवणारी होडी चालवायचे. हिवाळ्यात त्या होड्यांमध्ये मधोमध बुटकी टेबलं मांडतात. टेबलावर जाडजूड रजई, आत शेगडी. बूट काढायचे, पाय रजईत सारायचे आणि बाहेर चालू द्यायचं काय चालायचं ते. लुबेन धक्क्यावर पोचला तेव्हा कादोवाकीसान दोर सोडतच होते.

"लुबेनसान! या, या, एक जागा आहे."

"मी फक्त हे पॅड..."

"ड्यूटीवर घरचं काम हातात घेत नाही मी. एक फेरी मारा, परत आलो की द्या. पाय आत घाला आधी, गारठलात."

लुबेनने पाय आत घातले. इथेच तो संपला, असं म्हणायला हरकत नाही.

सरोवरावरून आलेलं धुकं खंदकात उतरलं होतं. काठावरचे पाइन अर्धेच दिसत होते, वरचे अर्धे नुसते असल्यासारखे वाटत होते. बदकं पोहत होती, पण त्यांचा आवाज बदकांच्या नंतर येत होता. होडीचं इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं आणि कादोवाकीसान कसलं तरी जुनं गाणं गुणगुणत होते, त्यातले शब्द पाण्यावर पडून विरघळत होते. खंदकावरचे काही पूल इतके बुटके आहेत, की पूल आला की होडीचं छप्पर खाली येतं आणि सगळ्यांना वाकावं लागतं. पहिल्या पुलाखाली सगळे रजईवर गाल टेकवून वाकले आणि हसत उठले. दुसऱ्या पुलालाही तसंच. तिसऱ्या पुलाखाली लुबेन वाकला आणि त्याला पुन्हा उठायचं काही खास कारण दिसेना.

पुढचं मात्र त्याला लख्ख आठवत होतं. फेरी संपली. त्याने पॅड दोन्ही हातांनी कादोवाकीसानना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, खिशातून शिक्का काढून उठवला आणि अगदी हळू म्हणाले, "लुबेनसान, आता तुम्ही आमच्यातले." मग तो बूट घालून उतरला आणि धुक्यातून घरी आला. इतकं हलकं त्याला या गावात कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी रोसित्साने विचारलं, "दिलंस?" तो म्हणाला, "दिलं," आणि उरलेल्या सहांपैकी एक मुळा आपणहून किसून दिला.

गुरुवारी दुपारी कागेयामासान दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे कादोवाकीसान, हातात टोपी घेऊन.

"पॅड परत आलं नाही," बाई म्हणाल्या. "रविवार तीन दिवसांवर आलाय. कादोवाकीसान म्हणतात, त्यांच्याकडे ते आलंच नाही."

"आलं नाही?" लुबेन उडालाच. "मी यांच्या हातात दिलं! मंगळवारी, होडीवर!"

"होडीवर आले होते, हे खरं," कादोवाकीसान म्हणाले.

"दोन्ही हातांनी घेतलंत तुम्ही! शिक्का उठवलात, डाव्या खिशातून काढून!"

"शिक्का डाव्याच खिशात असतो माझा," कादोवाकीसान पुटपुटले.

"आणि म्हणालात, 'लुबेनसान, आता तुम्ही आमच्यातले.'"

कादोवाकीसानचा चेहरा उतरला. ते स्वतः कधी खोटं बोलले नव्हते आणि समोरचा माणूस खिशासकट तपशील देतोय म्हटल्यावर तो खोटं बोलत असेल, हे त्यांच्या मनातही येईना. मग उरलं काय? त्यांनी टोपी चुरगाळली आणि कमरेत वाकले.

"मग मीच विसरलो. माझी चूक झाली."

"असू द्या हो, होतं असं," लुबेन मोठ्या मनाने म्हणाला. (हे वाक्य त्याला पुढे कित्येक दिवस झोपेतून उठवत होतं.)

शुक्रवारी सकाळी कादोवाकीसान क्षमा मागायला पुन्हा आले, सरोवरातले शिंपले पिशवीभर घेऊन. रोसित्साने पिशवी घेतली. दुपारी कुंपणापाशी तिला त्यांची बायको किमिए भेटली. तिचे डोळे सुजले होते.

"होडी सोडणार म्हणतात," किमिए म्हणाली. "काल रात्रीपासून खंदकावरचे सगळे पूल पाठ म्हणून बघतायत. गॅस बंद केला का ते चारदा पाहून आले. मला म्हणाले, 'हातात घेतलेलं पॅड ज्याला आठवत नाही, त्याने माणसं पाण्यावर न्यायची नाहीत.' उद्या दुपारी ऑफिसात सांगणार आहेत. अहो, त्या होडीशिवाय हा माणूस दुसऱ्या दिवशी आजारी पडेल हो!"

संध्याकाळी शिंपल्यांचं सूप झालं. रोसित्साने वाटी लुबेनसमोर ठेवली, पण चमचा स्वतःच्या हातात धरून ठेवला.

"सांग बरं. मंगळवारी काय झालं ते पहिल्यापासून सांग."

"किती वेळा सांगू? फेरी संपली, मी पॅड दिलं, त्यांनी घेतलं, शिक्का काढला. होडी हलत होती, शिक्का नीट उठेना, म्हणून आजोबांनी पॅड खालून धरलं आणि मग..."

"कुणाच्या आजोबांनी?"

"माझ्या."

रोसित्साने खुर्ची पुढे ओढली.

"तुझे आजोबा. प्लोव्हदिव गावचे."

"हो."

"जे तू सहावीत असताना गेले."

लुबेन वाटीतल्या शिंपल्याकडे बघत राहिला. शिंपलाही आ वासून होता.

"कोट कुठला घातला होता त्यांनी?" रोसित्साने विचारलं.

"तपकिरी. तोच, जो... शेवटी घातला होता."

"आणि जपानी बोलत होते?"

"अस्खलित," लुबेन म्हणाला आणि त्याने डोकं धरलं.

त्याला शरम वाटली, ती तर वाटायलाच हवी होती. एका सरळ माणसाला त्याने त्याच्या स्वतःच्या डोक्यावर संशय घ्यायला लावलं होतं आणि वर मोठ्या मनाने माफही केलं होतं! पण शरमेच्या खाली आणखी एक दुःख होतं आणि ते जास्त टोचत होतं. 'आता तुम्ही आमच्यातले' हे वाक्य कुणीच म्हणालं नव्हतं. पाच वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य त्याने स्वतःच स्वतःला, रजईवर गाल टेकवून ऐकवलं होतं.

"मी हे सांगितलं, की नाव गेलं," तो म्हणाला. "पेन्सिलीचंच आहे. बाई खोडरबर घेऊन तयारच बसल्या असतील."

"आणि नाही सांगितलंस, तर त्यांची होडी जाईल," रोसित्सा म्हणाली आणि चमचा त्याच्या हातात दिला. "खा. सकाळी जायचंय तुला."

शनिवारी सकाळी पुन्हा धुकं होतं. लुबेन धक्क्यावर पोचला तेव्हा कादोवाकीसान गणवेशाची बटणं नेहमीपेक्षा नीट लावून शेवटच्या फेरीसाठी उभे होते. होडी भरलेली होती. लुबेन शेवटच्या जागेवर बसला आणि यावेळी त्याने पाय रजईबाहेरच ठेवले.

दुसऱ्या पुलापर्यंत त्याने धीर गोळा केला. "कादोवाकीसान," तो म्हणाला, "ते पॅड मी तुम्हाला दिलं नव्हतं."

"दिलं होतंत. मीच विसरलो."

"नाही हो! मी ते स्वप्नात दिलं. मला इथे झोप लागली होती. शिक्का, खिसा, तुमचं ते वाक्य, सगळं स्वप्नातलं. माझे आजोबासुद्धा होते."

"आजोबा कुठे आहेत?"

"वारलेत."

होडीतले दहा प्रवासी खंदक सोडून या दोघांकडे बघत होते. कादोवाकीसाननी इंजिन बंद केलं. होडी धुक्यात आपली आपण तरंगत राहिली.

"म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"ठणठणीत!"

"आणि तुमचं?"

"ते दाखवावं लागेल," लुबेन म्हणाला आणि इतका वाकला, की समोरच्या बाईंना पूल आल्यासारखं वाटून त्याही वाकल्या.

कादोवाकीसाननी गळ्यातला टॉवेल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग भरल्या आवाजात त्यांनी खंदकावरचे सगळे पूल एका दमात म्हणून दाखवले आणि प्रवाशांनी, काय चाललंय ते न कळताही, टाळ्या वाजवल्या.

"पण मग पॅड आहे कुठे?" कादोवाकीसाननी विचारलं.

"माफ करा," समोरच्या त्याच बाई म्हणाल्या, "आमचं लिहून झालंय. पुढे कुणाला द्यायचं?"

त्यांच्या हातात पॅड होतं.

मंगळवारपासून ते त्याच होडीत, त्याच रजईवर फिरत होतं. पहिल्या माणसाने ते उचललं, यादी दिसली, रकाने दिसले, शिक्के दिसले, तेव्हा त्याने आपलं नाव लिहून पुढच्याला दिलं. त्याने त्याच्या पुढच्याला दिलं. कशासाठी म्हणून कुणीही विचारलं नाही, कारण हातात पॅड आलं की भरून पुढे द्यायचं, हे या देशात लहानपणीच शिकवतात.

"मला लांबून वाटलं, ऑफिसने प्रवाशांची मतं मागवलीत," कादोवाकीसान ओशाळून म्हणाले. "मीच लोकांना सांगत होतो, भरा, भरा, लाजू नका."

कुणीतरी जादा कागदही जोडले होते, रेषा आखून. एकसष्ट नावं होती. बहुतेकांनी माणसांच्या रकान्यात शून्य लिहून शेजारी क्षमा मागितली होती. 'प्रवासात असल्याने गटार साफ करायला येता येत नाही, वाईट वाटते.' नागोयाच्या एकाने लिहिलं होतं, 'फावडे नाही, टॉवेल आहे.' आणि मध्येच एका ओळीत, सुबक अक्षरात, 'ओरिता, हिरोशिमा. माणसे दोन, फावडे एक.'

लुबेनने ते पॅड छातीशी धरून कागेयामासानच्या दारापर्यंत नेलं, वाटेत कुठेही न बसता. आजोबांसकट सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा लावून एकसष्टही नावं वाचली. शेजारी खोडरबर होतं. लुबेन त्याच्याकडे बघणार नाही असं ठरवून त्याच्याकडेच बघत होता.

"उद्या आठला या," बाई एवढंच म्हणाल्या.

रविवारी लुबेन पावणेसातला येऊन उभा राहिला. झिमझिम पाऊस होता, छपरांवर धुकं बसलं होतं आणि सगळी आळी रबरी बूट घालून हळूहळू गोळा झाली. बरोबर आठच्या ठोक्याला आळीच्या तोंडाशी एक राखाडी गाडी थांबली. तिच्यातून साठीचं एक जोडपं उतरलं. बूट घातलेले, हातमोजे चढवलेले, हातात एक फावडं.

"ओरिता," गृहस्थ वाकून म्हणाले. "हिरोशिमाहून आलो. उशीर तर नाही ना झाला?"

"तुम्ही... खरंच आलात?" होसोदाबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"लिहून दिलं होतं ना," ओरिताबाई म्हणाल्या. त्यांना प्रश्नच कळला नव्हता.

काम सुरू झालं. लुबेनच्या वाट्याला त्याच्या दारापुढचं गटार आलं. त्याने पहिलंच फावडं भरून गाळ वर काढला, चिमटीत घेतला, वास घेतला आणि मातीचा प्राध्यापक जागा झाला. हा सरोवराकडचा गाळ, हा डोंगराकडचा, यात लोह किती, असं तो ओरितासानना सांगू लागला. ते "अस्सं? अस्सं?" करत ऐकत होते आणि ऐकता ऐकता खोदत होते. लुबेन लोहावरून चिकणमातीवर आला, तेव्हा गटार तळापर्यंत साफ झालं होतं.

सुपाच्या वेळी कागेयामासाननी यादी टेबलावर ठेवली. शेजारी पेन्सिल, पेन आणि खोडरबर. बाईंनी खोडरबर उचललं, तेवढ्यात कादोवाकीसान वाटी खाली ठेवून उभे राहिले.

"नाव पुसू नका, बाई."

"पॅड यांनी बुडवलं. तुम्हाला खोटं पाडलं."

"पाडलं. पण मी यांना म्हणालोय, तुम्ही आमच्यातले."

"ते स्वप्नात म्हणालात तुम्ही!"

"स्वप्नात का होईना, शब्द माझ्या तोंडून गेलाय. आता मागे कसा घेऊ?"

लुबेनने सुपाच्या वाटीत तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलं नाही. रोसित्साने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कागेयामासान थोडा वेळ कादोवाकीसानकडे, थोडा वेळ लुबेनकडे आणि थोडा वेळ साफ गटाराकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खोडरबर खाली ठेवलं, पेन उचललं आणि पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाईने गिरवलं. आळीने टाळ्या वाजवल्या.

पण बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. लुबेन आणि कादोवाकी या दोन नावांच्या मध्ये त्यांनी आणखी एक नाव लिहिलं. ओरिता.

"जो गटार साफ करतो तो आळीतला," त्या म्हणाल्या. "यापुढे पॅड लुबेनसानकडून ओरितासानकडे जाईल आणि ओरितासानकडून कादोवाकीसानकडे."

"पण ते हिरोशिमाला राहतात!" लुबेन म्हणाला. "आणि कादोवाकीसान तर इथे, तीन पावलांवर..."

"तुम्ही टपालाने पाठवायचं. टपालखातं वाटेत झोपत नाही."

ओरिता दांपत्य उठून सगळ्यांना वाकलं. आपली निवड झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. (लुबेनला शाई मिळायला पाच वर्षं लागली. त्यांना एक सकाळ.)

मार्चचं पॅड मंगळवारी आलं. लुबेनने शिक्का उठवला, पॅड पाकिटात घातलं आणि रोसित्साने त्याला टपाल कचेरीपर्यंत सोबत केली, न बोलावता. शुक्रवारी सकाळी ते डोंगर ओलांडून, हिरोशिमाचा शिक्का घेऊन कादोवाकीसानच्या दारात हजर झालं. इतक्या बिनबोभाट ते त्या घरी कधी पोचलं नव्हतं. कादोवाकीसानना इतका आनंद झाला, की ते सांगायला लगेच तीन पावलं चालून आले.

"लुबेनसान आहेत का?"

"आहे," रोसित्सा दार हळूच लोटून घेत म्हणाली. "जरा हळू बोला. आम्हीही परवा रजईचं टेबल घेतलंय."